आधी मोजायचं, मग विचारायचं

नोटीस आली तेव्हा मी आधी तिच्यातल्या चुका काढल्या. चार होत्या. दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या, एक विरामचिन्ह, आणि आमच्या घराचा नंबर एकदा आकड्यात वेगळा, अक्षरात वेगळा. सरकारी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली की माणसाचं असं होतं. मग अर्थ लागला.

गल्ली रुंद करायची होती. गल्लीच्या टोकाला आमचं घर, तेच नेमकं आड येत होतं. घराची जागा परक्यांच्या राजवटीतल्या पहिल्या मोजणीपासून आमच्याच वहिवाटीत आहे, म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत तिथे आमची माणसं खंड न पडता राहत आली आहेत, हे आम्ही महिन्याभरात कागद दाखवून सिद्ध करायचं होतं. नाही केलं, तर जागा सरकारजमा.

"म्हणजे आपण रस्त्यावर," वहिनी म्हणाली.

"रस्त्यावर नाही. आपण रस्ताच होणार," मी म्हटलं. ती हसली. एवढ्या वाईट बातमीवरही वहिनीला हसू येतं. म्हणून तर दादा गेल्यावर आम्ही दोघी पंधरा वर्षं एका छपराखाली सुखानं राहिलो. ती सत्तरीची, मी त्रेसष्टची. मी लग्न केलं नाही, तिला मूल झालं नाही. सकाळी ती पेपर वाचते, मी पेपरातल्या चुका वाचते. दुपारी दोघी पडतो. संध्याकाळी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतो. याहून जास्त काही हवं असं मला कधी वाटलंच नाही. तीन खोल्यांचं ते घर गेलं असतं, तर हे सगळंच गेलं असतं. या वयात भाड्याच्या खोलीत नव्यानं कुणाला नावं ठेवायची?

एक अडचण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि मी ती वहिनीला सांगितली नव्हती. आमच्या घराण्यात एक गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली जायची. पणजोबा बायकापोरांना घेऊन लांब कुठेतरी धरणाच्या कामावर गेले, घराला कुलूप घातलं, आणि अकरा वर्षांनी परत आले. कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना, शेवटी हातोड्यानं तोडलं. बाबा ही गोष्ट सांगताना हातोडा मारल्याची खूणसुद्धा करायचे. आणि नोटिशीत तर स्वच्छ लिहिलं होतं, खंड न पडता.

जुनी दप्तरं जिल्हा कचेरीच्या मागच्या बाजूला एका लांबलचक खोलीत होती. वर उंच खिडक्या, खाली लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर कापडात बांधलेले शेकडो बस्ते. कापड, धूळ आणि जुनी शाई यांचा मिळून एक कोरडा वास. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. रेकॉर्ड सांभाळणारा माणूस निवृत्तीला आलेला, हाताला मोजे, बोलणं हळू. मी मांडणीवरच्या चिठ्ठीतली चूक दाखवली, तेव्हापासून तो मला मान देऊ लागला.

"ताई, तुम्हाला घरपाहणीच्या वह्या लागतील," तो म्हणाला. "दरवर्षी पाहणीदार गल्लीतून घरोघर फिरायचा. घर उघडं की बंद, आत माणसं किती, त्यांची नावं. घर लागोपाठ तीन वर्षं बंद लिहिलं गेलं की जागा सरकारची. तो नियम आजही आहे."

तीन वर्षं. आमची अकरा होती.

त्यानं पहिली वही समोर ठेवली. परक्या साहेबानं आखून दिलेले रकाने, आणि ते भरणारे आपलेच कारकून. काय एकेकाची अक्षरं! पणजोबांचं नाव पहिल्याच मोजणीत सापडलं आणि माझे डोळे भरून आले. फोटो नाही, चेहरा माहीत नाही, आणि हा माणूस तिथे चौथ्या ओळीत उभा. घर उघडे. माणसे तीन. नावे: पणजोबांचं आणि पणजीचं.

मी पुन्हा मोजलं. आकडा तीन, नावं दोन.

"चूक आहे," मी म्हटलं. म्हणताना जरा बरंच वाटलं.

रेकॉर्डवाल्यानं वाकून पाहिलं. "आकडा चुकत नाही हो ताई. त्यांची पद्धतच तशी होती. आधी मोजायचं, मग विचारायचं. कर माणशी होता, लोक माणसं लपवायचे. म्हणून पाहणीदारानं उंबऱ्यात उभं राहून दिसतील तेवढी डोकी मोजायची, आकडा शाईनं लिहून टाकायचा, आणि मगच नावं विचारायची. आकडा डोळ्यांचा, नावं लोकांच्या तोंडची."

"मग तिसरं कोण?"

"असेल कुणी कामाला आलेलं," तो म्हणाला आणि पुढचा बस्ता सोडायला गेला.

पटण्यासारखं होतं. मी पुढचं वर्ष काढलं. माणसं तीन, नावं दोन. पुढचं. थोरले आजोबा जन्मले तेव्हा माणसं चार, नावं तीन. मग माझे आजोबा. माणसं पाच, नावं चार. मध्येच पाहणीदार बदलला, अक्षर बदललं, शाई काळीची निळी झाली. आकडा मात्र नावांच्या पुढे एक.

मला राग आला. चूक एकदा होते, दोनदा होते. दरवर्षी होणारी चूक ही चूक नसते, ती पद्धत असते. म्हणून मी गल्लीतली बाकीची घरं तपासली. दुपारभर बसून एकवीस घरांचे आकडे नावांशी ताडून पाहिले. सगळीकडे जुळत होते. एका घरात जुळले नाहीत, तिथे शेऱ्यात लिहिलं होतं, "म्हातारा माचाखाली लपला होता."

आमच्या घराचा शेरा मी तोवर वाचलाच नव्हता. बारीक अक्षरात होता. "एक बाई मधल्या खोलीत पाठमोरी बसून. बोलली नाही."

त्या दिवशी घरी आले तर वहिनी पायरीवर वाट बघत होती. मी सगळं सांगितलं, अकरा वर्षांचं सोडून. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला उठली.

"पाठमोरी ना?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काय?"

"मी लग्न होऊन आले ना, त्याच दिवशी पाहिली होती. मला वाटलं तुमची आत्या असेल. पाठमोरी बसून काहीतरी शिवत होती. म्हटलं ओळख करून घ्यावी, म्हणून आत गेले तर कुणी नाही. मग कुणाला विचारलं नाही. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी कशाला तोंड उघडायचं?"

"आणि चाळीस वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"तू मला आधी शुद्धलेखन विचारलं असतंस," वहिनी म्हणाली. मग कप ठेवताना जरा थांबली. "तुझा दादा गेला, तेव्हा मी त्या खोलीत बसून असायचे बघ. तुम्ही सगळे म्हणायचात, हिला एकटी सोडू नका. मला एकटं कधी वाटलंच नाही गं तिथं."

मी मधल्या खोलीत डोकावून पाहिलं. कपाट, शिवणाचं मशीन, दादाची खुर्ची, खिडकीतून आलेलं ऊन. नेहमीची खोली. भीती वाटायला हवी होती. वाटली ती उत्सुकताच, तीही छापखान्यातली.

दुसऱ्या दिवशी मी त्या अकरा वर्षांपाशी पोचले. बस्त्यावरचं साल मी दोनदा वाचलं, मगच गाठ सोडली. पहिल्याच वर्षी "घर बंद" दिसलं असतं, तर मी वही मिटून घरी जाऊन वहिनीला सामान बांधायला सांगणार होते.

घर उघडे. माणसे एक. नावे: सांगितली नाहीत.

मी चष्मा पुसला. पुढचं वर्ष. घर उघडे. माणसे एक. त्याच्या पुढचं. घर उघडे. माणसे एक. अकराच्या अकरा वर्षं. पणजोबा धरणावर दगड फोडत होते, कुलूप दारावर गंजत होतं, आणि साहेबाचा पाहणीदार दरवर्षी उघड्या दाराच्या उंबऱ्यात उभा राहून एक डोकं मोजून जात होता. शेरे वाचले. "घर स्वच्छ. बाई शिवणात." "बाई तीच." सातव्या वर्षीचा पाहणीदार जरा मायाळू असावा. त्यानं लिहिलं होतं, "चूल गार. खाण्यास काही आणू का विचारले. नको म्हणाली." बाराव्या वर्षी घर उघडे, माणसे पाच, नावे चार. मंडळी परत आली होती.

आमचं घर वाचलं होतं! मी एवढ्या मोठ्यानं श्वास सोडला की रेकॉर्डवाला पाणी घेऊन आला.

"नाव नसलं तर चालतं का हो भाऊ?" मी विचारलं.

"नियमात घर उघडं हवं आणि आत माणूस हवं. नावाची सक्ती नाही." त्यानं वहीत पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, हे सगळं लबाड पाहणीदारांनी ठोकून दिलं असेल, असं कुणी म्हटलं तर?"

तिथेच खरं घोडं अडलं. अर्जाच्या शेवटी एक ओळ असते, वरील सर्व नोंदी मी तपासल्या असून त्या खऱ्या आहेत. खाली सही. आता मी काय करू? आकडा चुकीचा म्हणावा, तर सगळीकडचा एक वजा होतो. मग त्या अकरा वर्षांत शून्य उरतं, म्हणजे घर बंद, म्हणजे जागा सरकारची. आणि आकडा बरोबर म्हणावा, तर आमच्या घरात पहिल्या मोजणीपासून एक माणूस जास्त आहे. मधला मार्ग नव्हता. चाळीस वर्षं मी "बरोबर" असा शिक्का मारण्याआधी तीनदा वाचत आले. इथेही वाचलं. अजून एका वहीवर पडताळायचं ठरवलं, जिथे मला साक्षीदार लागणार नव्हता.

परके गेल्यावरही पाहणी चालूच राहिली, फक्त वह्यांचे पुठ्ठे बदलले. मी आठ वर्षांची असताना पाहणीदार आला होता, ते मला लख्ख आठवतं. मला गोवर आलेला, शाळा बुडालेली, आणि घरात आम्ही कोण कोण होतो ते मी आजही सांगेन. आजी, आई, बाबा, दादा, मी. पाच.

वहीत सहा होते. शेऱ्यात एकच ओळ. "आजारी मुलीच्या उशाशी एक बाई."

उशाशी कुणीतरी बसलेलं होतं. कपाळावर गार हात होता. तो मी जन्मभर आईचा समजत आले. पण पाहणीदार आला तेव्हा आई दारात उभी राहून त्याला नावं सांगत होती, तिचा आवाज मला बाहेरून येत होता. आणि हात कपाळावरच होता.

मी वही मिटली. घाबरले का? नाही. रडू आलं, आणि ते चांगलं रडू होतं. मग अर्जावर सही केली. नोंदी खऱ्या आहेत.

कागदांनंतर प्रत्यक्ष पाहणी होती. पाहणीला एक तरुण अधिकारी आली. पाठीला पिशवी, हातात मोजायचं फिरकीचं टेप, कपाळावर घाम. वहिनीनं पाणी पुढे केलं, तर म्हणाली, "आजी, आधी माझं काम होऊ दे." आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत नजर फिरवली. फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, तो आमच्या धंद्याचा भाग आहे.

तीन.

"आता नावं सांगा," ती म्हणाली.

मी माझं सांगितलं. वहिनीनं तिचं सांगितलं. मुलगी पेन धरून थांबली.

"आणि त्या आतल्या?"

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी मात्र जशी काही भाजीवालीशी बोलत असावी तशी म्हणाली, "त्या नाव सांगत नाहीत."

"बरं," मुलगी म्हणाली आणि लिहिलं. अशी म्हातारी माणसं तिला दिवसाकाठी चार भेटत असावीत. मग टेप घेऊन खोल्या मोजायला आत गेली. पहिली खोली झाली. ती मधल्या खोलीत शिरली. टेप सरकल्याचा आवाज आला, मग थांबला.

आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो. वहिनीनं माझा हात धरला.

आतून त्या मुलीचा आवाज आला. "हो." मग जरा वेळानं, "हो, लिहिते ना." मग पुन्हा, "नाही नाही, विसरणार नाही."

दुसरा आवाज नव्हता.

ती बाहेर आली, पाणी प्यायली, आणखी मागून घेतलं. "किती नीट ठेवलंय घर," म्हणाली. पायरी उतरताना तिनं मागे वळून आतल्या दिशेनं हात हलवला.

त्यानंतरचे दहा दिवस आम्ही मजेत काढले, खोटं कशाला बोलू. वहिनी मधल्या खोलीत पेपर मोठ्यानं वाचू लागली. मी म्हटलं, "कुणासाठी?" तर म्हणाली, "तुझ्यासाठी नाही, तू चुका काढतेस." मीही येता-जाता त्या खिडकीचा पडदा बाजूला सारू लागले, शिवणाऱ्याला उजेड लागतो म्हणून. घर एवढं भरलेलं मला लहानपणानंतर पहिल्यांदाच वाटलं.

मग आदेश आला. पाकीट फोडलं तर पहिल्याच ओळीत होतं, वहिवाट मान्य, जागा कायम. वहिनीनं मला मिठीच मारली. आम्ही दोघींनी नाचायचंच तेवढं बाकी होतं.

"नीट वाच आता," ती म्हणाली. "नाहीतर परत नोटीस येईल, एक शब्द चुकला म्हणून."

आदेशाच्या दोन प्रती होत्या. छापखान्यात आम्ही करायचो तसंच करू म्हटलं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं तिच्या प्रतीवर बोट फिरवत जायचं. आम्ही मधल्या खोलीत बसलो. वहिनी दादाच्या खुर्चीत, मी मशीनपाशी. मी वाचत गेले. कलम एक, जागेचं वर्णन. कलम दोन, हद्दी. तीन, जुन्या नोंदींचा आधार. चार, मोजमापं. पाच, गल्ली दुसऱ्या अंगानं रुंद करण्यात येईल. वहिनी खूश होऊन मान डोलवत होती. सहा, हद्दीचे दगड बसवल्यानंतर पुढील पाहणी.

सात. माझी नजर ओळीवर आवाजाच्या आधी पोचते, ती सवयच आहे. मी सातावरून थेट आठावर गेले. आठ, प्रत मिळाल्याची पोच द्यावी.

आवाज हलला नाही माझा. मला वाटतं हलला नाही.

वहिनीचं बोट सातावर थांबलं होतं.

"एक ओळ गाळलीस," ती म्हणाली.

"छापायची चूक आहे ती."

तिनं चष्मा वर सारला आणि स्वतःच वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मला ती ओळ एकदा वाचूनच पाठ झाली होती. पाहणीच्या वेळी मधल्या खोलीतील बाईंनी सांगितले की, पुढील पाहणीस घरात त्या एकट्याच असतील, तरी घर बंद असे लिहू नये.

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनीनं कागदाची घडी घातली, मांडीवर ठेवली, त्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर मला भीती शोधूनही सापडली नाही.

"म्हणजे आपल्यामागं घर उघडं राहील," ती म्हणाली. "बरं झालं बाई. मला त्याचीच काळजी होती."

मी माझी प्रत घडी घालायला घेतली.

"सहा नंबर परत वाच. तारीख काय आहे?"

मी वाचलं. येत्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता.